पंचांगात न छापलेला ‘आज’

गुढीपाडव्याला अजून पुष्कळ अवकाश असतानाच पुढील शकवर्षाचे पंचांग सोलापुरात सिद्ध झालेले असते. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी ज्याचा आरंभ केला, धुंडिराजशास्त्र्यांनी ज्याला महाराष्ट्रभर मान्यता मिळवून दिली आणि जे आजही त्याच घराण्याकडून निघते, ते दाते पंचांग लग्नाच्या मुहूर्तापासून श्राद्धाच्या तिथीपर्यंत मराठी घरांतील असंख्य बारीकसारीक गोष्टींचा निवाडा करीत आले आहे. आणि ज्यांचा मुहूर्तावर काडीचाही विश्वास नाही अशी माणसेसुद्धा, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता आहे हे आईला वाचून दाखविण्याकरिता का होईना, ते अधूनमधून हाती घेतातच.

पंचांगाच्या पाच अंगांपैकी तिथी हे अंग मला सर्वांत मनोवेधक वाटते, कारण ते घड्याळाला मुळीच जुमानीत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला म्हणजे एक तिथी संपते आणि दुसरी लागते; परंतु चंद्राची गती सदैव सारखी नसल्यामुळे हे बारा अंश तोडावयास कधी जेमतेम २० तास पुरतात, तर कधी २६ तासही उलटून जातात. सूर्योदयसमयी जी तिथी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला द्यावयाचे असा दंडक असल्याने, जी तिथी एका सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या सूर्योदयापूर्वीच आटोपते तिचा क्षय होतो आणि जी दोन सूर्योदय पाहते तिची वृद्धी होते. सूर्योदय तर गावोगावी निराळा. सोलापुरात तो मुंबईच्या सुमारे बारा मिनिटे आधी होतो; तेव्हा एखादी एकादशी नेमकी त्या बारा मिनिटांच्या फटीत संपली, तर सोलापुरात तो दिवस एकादशीचा आणि मुंबईत द्वादशीचा, असा पेच पडू शकतो. काळ म्हणजे सर्वत्र एकसारखी वाहणारी नदी, असे ज्याने गृहीत धरले आहे त्याला हा घोटाळा वाटेल; काळ म्हणजे घटनांच्या परस्परसंबंधाचा हिशेब, असे मानणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसणार नाही.

परंतु वर्षातील प्रत्येक तिथीचा आरंभ आणि अंत मिनिटापर्यंत सांगणाऱ्या या ग्रंथात एक गोष्ट कोठेही छापलेली नसते, आणि ती म्हणजे ‘आज’. चैत्रातली प्रतिपदा आणि फाल्गुनातली अमावास्या या दोन्ही त्याच्या पानांवर सारख्याच ठसठशीत शाईत, सारख्याच हक्काने नांदत असतात. त्यांपैकी कोणती होऊन गेली, कोणती यावयाची आहे आणि कोणती चालू आहे, हे पंचांग सांगू शकत नाही. ते सांगावयास पान उघडणारा मनुष्य लागतो, आणि तो एका ओळीवर बोट ठेवून ‘आज ही’ असे म्हणतो. हे बोट कोठून येते? काळाविषयीच्या तत्त्वचिंतनातील निम्म्याहून अधिक अडचणी या एका प्रश्नाच्या पोटात आहेत, असे मला वाटत आले आहे.

केंब्रिजचे तत्त्वज्ञ जॉन मॅकटॅगार्ट यांनी १९०८ साली काळ असत्य असल्याचे सिद्ध करण्याचा जो गाजलेला प्रयत्न केला, त्याचे मूळ येथेच आहे. घटनांची मांडणी दोन तऱ्हांनी होते, असे त्यांचे म्हणणे. पहिली तऱ्हा पंचांगाची: माघातली शुद्ध एकादशी महाशिवरात्रीच्या आधी येते, हे विधान शंभर वर्षांपूर्वी खरे होते, आज खरे आहे आणि शंभर वर्षांनीही खरे राहील. दुसरी तऱ्हा बोटाची: महाशिवरात्र आज ‘येणार’ आहे, एक दिवस ती ‘आहे’ होईल आणि मग ‘होऊन गेली’ होईल. काळाला काळपण देते ती ही दुसरी तऱ्हा; पण एकाच घटनेच्या ठिकाणी भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही परस्परविरोधी धर्म मानावे लागतात, सबब ती विसंगत ठरते; आणि ती विसंगत ठरली की काळच असत्य ठरतो. हा निष्कर्ष पचविणे कठीण आहे, पण दुखण्याची नाडी त्यांनी अचूक पकडली होती. खुद्द आइन्स्टाइन यांनाही हे दुखणे चुकले नाही. ‘आता’ या अनुभवात माणसाच्या दृष्टीने काहीतरी विशेष आहे आणि तरीही पदार्थविज्ञानाच्या कक्षेत ते बसत नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखविल्याचे रुडॉल्फ कार्नाप यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवले आहे.

आपल्याकडील शास्त्रकारांनी हा वाद फार पूर्वी आणि, माझ्या मते, अधिक खुसखुशीत रीतीने घातला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांतील दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी असे म्हणतो की, वर्तमानकाळ मुळी अस्तित्वातच नाही. देठापासून सुटलेले फळ खाली पडत असते तेव्हा त्याच्या मार्गाचे दोनच भाग करता येतात: फळाच्या वरचा, जो पडून झालेला, आणि फळाच्या खालचा, जो पडावयाचा राहिलेला. या दोहोंच्या मध्ये, जेथे फळ ‘पडत आहे’ असे म्हणावे, असा तिसरा तुकडा दाखवा पाहू! पाश्चात्त्य परंपरेत संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात वर्तमानाला वर्षापासून महिन्यापर्यंत, महिन्यापासून दिवसापर्यंत सोलीत सोलीत शेवटी रुंदी नसलेल्या बिंदूवर आणून सोडले, ती तऱ्हा याहून फारशी निराळी नव्हे.

सिद्धांत्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर वर्तमान नाही म्हटले तर भूत आणि भविष्यही बुडतात, कारण त्यांची ओळख वर्तमानाच्या अपेक्षेनेच पटते. शिवाय प्रत्यक्ष ज्ञान हे वर्तमान वस्तूचेच होत असल्याने प्रत्यक्षही बुडते, आणि प्रत्यक्ष बुडाले की सर्वच प्रमाणांचे दिवाळे निघते. दुसरे उत्तर यापेक्षा खोल आहे. काळ कळतो तो मार्गाच्या तुकड्यांवरून नव्हे, क्रियेवरून कळतो. क्रिया चालू आहे तोवर वर्तमान आहे. आणि येथे भाष्यकार वात्स्यायन आपल्याला थेट चुलीपाशी नेऊन बसवितो. भांडे चुलीवर चढविणे, त्यात आधण घालणे, तांदूळ वैरणे, सरपण सारणे, जाळ फुंकणे, पळीने ढवळणे, पेज ओतून काढणे आणि अखेर भांडे उतरविणे, ही सारी निरनिराळी कामे. त्यांपैकी एक चालू असते तेव्हा बाकीची झालेली तरी असतात किंवा व्हावयाची तरी असतात. तरीसुद्धा आधणापासून उतरविण्यापर्यंत केव्हाही विचारले तरी ‘भात शिजतो आहे’ हेच उत्तर खरे असते. म्हणजे वर्तमान हा बिंदू नव्हे. एका हेतूने बांधलेल्या क्रियांच्या मालिकेइतकी त्याची रुंदी असते, आणि ती रुंदी ठरविणारा तो हेतू कोणाच्या तरी मनात वसत असतो.

याला जबाब देणारे नव्हते असे मात्र नाही. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्य उलट टोकाला जाते. परमाणू आपली पूर्वीची जागा सोडून पुढची जागा घेतो तेवढ्या अवधीला ते क्षण म्हणते आणि बजावते की, वस्तुतः असतो तो हा एकटा क्षण. दोन क्षण कधीच एकत्र नांदत नाहीत. सबब क्षणांची रांग, आणि त्या रांगेतून आपण घडविलेले मुहूर्त, दिवस, रात्री, ही बुद्धीने बांधलेली मोट असून प्रत्यक्षात त्यांना जागा नाही. एवढे धीट विधान करून भाष्यकार पुन्हा साधनेच्या विचाराला लागतो, आणि वाचक मात्र आपल्या मनगटावरील घड्याळाकडे संशयाने पाहू लागतो.

क्षणाची जवळजवळ हीच व्याख्या जैन आगमपरंपरेत ‘समय’ या नावाने येते, आणि तेथे सोलापूरचा संबंध पुन्हा पोचतो. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपल्या संपत्तीचा विनियोग करून सोलापुरात जी जैन संस्कृती संरक्षक संघ ही संस्था उभारली, तिच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन या दोन जाड्या विद्वानांच्या संपादकत्वाखाली निघाला. पहिला भाग १९४३ साली, दुसरा १९५१ साली. महायुद्धामुळे कागदाची टंचाई असतानाच्या त्या वर्षांत, त्रैलोक्याची लांबीरुंदी आणि पल्योपम-सागरोपमांसारखी कल्पनेलाही न पेलणारी कालमाने सांगणारा ग्रंथ पाठभेदांसह शुद्ध करून छापावा, ही गोष्ट गिरणीच्या धुराड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या शहराविषयी बरेच काही सांगून जाते.

दिगंबर परंपरेचा काळविषयक सिद्धांत मोठा विलक्षण आहे. लोकाकाशाच्या एकेका प्रदेशावर एकेक कालाणू रत्नांच्या राशीतील रत्नाप्रमाणे स्वतंत्र बसलेला आहे. हे अणू एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांचा पिंड बनत नाही, म्हणून काळ हे द्रव्य असूनही त्याला अस्तिकायांत स्थान नाही. हा झाला निश्चय काळ. घटका, दिवस, मास हा व्यवहार काळ, आणि तो सूर्यचंद्रांच्या गतीवरून मापला जातो. श्वेतांबरांच्या पाठानुसार मात्र तत्त्वार्थसूत्रात काळाला द्रव्य म्हणणे हे केवळ ‘काहींचे’ मत ठरते. काळाला अस्तित्व द्यावे की नाही, या मुद्द्यावर एका सूत्रग्रंथाचे दोन पाठ व्हावेत, यावरून हा प्रश्न किती अवघड वाटला असेल याची कल्पना येते.

आता हा शास्त्रार्थ बाजूला ठेवून मकरसंक्रांतीच्या दिवसांत सोलापुरातील रस्त्यावर उभे राहावे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, जिला सोलापूरकर गड्ड्याची यात्रा म्हणतात, मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, मिरवणुकीने निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी घरापेक्षा उंच असा तो सजविलेला नंदीध्वज कमरेशी पेलतो आणि गर्दीतून एकेक पाऊल टाकीत चालू लागतो. त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव चालतो. त्याच्याकडे बारकाईने पाहावे. ध्वज डावीकडे झुकलेला दिसला आणि मग त्याने तो सावरला, असे होत नाही. तसे झाले असते तर तो केव्हाच कोसळला असता. ध्वज कोणत्या बाजूने येत होता हे त्याच्या खांद्यांना अजून जाणवत असते आणि कोणत्या बाजूला जाणार हे त्याच्या पावलांना आधीच ठाऊक झालेले असते. नुकतेच सरलेले आणि लगेच यावयाचे, या दोहोंना जो एका वेळी धरून आहे, तोच त्या काठीचा ‘आता’.

जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांनी १९०५ च्या व्याख्यानांत नेमके हेच प्रतिपादन केले होते: प्रत्येक जाणिवेत एक धारण असते, जे नुकत्याच सरलेल्याला निसटू देत नाही, आणि एक अपेक्षा असते, जी येणाऱ्याकडे आधीच कललेली असते. हे धारण म्हणजे स्मरण नव्हे. कालच्या मिरवणुकीचे स्मरण करावयाचे तर ती पुन्हा मनात उभी करावी लागते. उलट या क्षणापूर्वीचा झोक उभा करावा लागत नाही, तो अजून गेलेलाच नसतो. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात वर्तमान हा सुरीच्या पात्यासारखा नसून त्यावर बसता येईल एवढा रुंद आहे, अशा आशयाचे जे म्हटले, ते याच अनुभवाला धरून होते. मला हुसर्लपेक्षाही वात्स्यायनाचे उत्तर अधिक जवळचे वाटते, कारण त्याने वर्तमानाची रुंदी सेकंदांत मोजण्याच्या भरीस न पडता ती कामाच्या हवाली केली.

या यात्रेतच काळाविषयीची आणखी एक नाजूक गोष्ट पाहावयास मिळते. सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्या योग्याने आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुज्ञा दिली, अशी कथा आहे. आणि दरवर्षी संमतीकट्ट्याजवळ सहस्रावधी लोक हाती अक्षता घेऊन त्या विवाहाला उपस्थित राहतात. हा विवाहाचा वाढदिवस नव्हे; त्या दिवशी लग्न लागते, आणि अक्षता टाकणारा मनुष्य वऱ्हाडीच असतो. त्याच्या अवघे दोन दिवस आधी, १२ जानेवारीला, सोलापूर आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करते. मे १९३० मध्ये शहरावर जो लष्करी कायदा पुकारण्यात आला, त्याच्या पाठोपाठ चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. ती तारीख दरसाल येते, परंतु ते दिवस परत येत नाहीत, आणि येऊ नयेत अशीच आपली धारणा असते. म्हणून तेथे किती वर्षे लोटली हे मोजले जाते आणि आकडा दरवर्षी एकाने वाढतो. हिंदी माणसाचा काळ चक्राकार आणि पाश्चात्त्याचा सरळ रेषेसारखा, असे जे सरधोपट सूत्र पुस्तकांतून वारंवार आढळते, त्यावर माझा विश्वास नाही. दोन दिवसांच्या अंतराने तीच माणसे दोन्ही काळांत वावरतात आणि त्यांना त्यात कसलीही अडचण वाटत नाही.

तिसरा एक काळ या शहरावर बाहेरून आला, आणि तो आला मोठ्या आवाजात. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोचली आणि रुळांबरोबर परगावची वेळही आली. सोलापूरचे रेखांश पूर्व ७६ अंशांना किंचित कमी असल्याने येथील सूर्याची वेळ मुंबईच्या वेळेच्या १२ मिनिटे पुढे पडते; रेल्वेने पुढे मद्रासची वेळ मुक्रर केली, ती सोलापूरच्या सतरा-अठरा मिनिटे पुढे; आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंशांवरील प्रमाणवेळ अंमलात आणली, ती सोलापूरच्या तब्बल २६ मिनिटे पुढे. म्हणजे आज घड्याळात बारा वाजतात तेव्हा सोलापूरचा सूर्य माथ्यावर यावयास, ऋतुमानाप्रमाणे थोडे कमीअधिक, अर्धा तास शिल्लक असतो. मुंबईच्या लोकांनी या नव्या वेळेशी दीर्घ काळ असहकार केला आणि तेथील महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही. सोलापूरची कोणी विचारपूस केल्याचे दिसत नाही.

सोलापूरला वेळ शिकविली ती गिरणीच्या भोंग्याने. १८७७ च्या सुमारास मुरारजी गोकुळदास यांची गिरणी, जिला पुढे जुनी मिल हेच नाव पडले, सुरू झाली. मागाहून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या आल्या. हातमागावर विणणाऱ्या पद्मशाली कुटुंबात धोटा केव्हा चालवावयाचा आणि केव्हा थांबवावयाचा हे कांडी भरणाऱ्या घरच्या माणसांवर, उजेडावर आणि व्यापाऱ्याच्या तगाद्यावर ठरे. गिरणीत ते भोंग्यावर ठरू लागले. विजेचे दिवे येण्यापूर्वी आपल्या इलाख्यातील गिरण्या दिवसाच्या उजेडावर चालत, म्हणून उन्हाळ्यात कामाचा दिवस आपोआप लांबे आणि हिवाळ्यात आखडे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कारखाना कायद्याच्या १९२२ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ६० तासांचा, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ तासांचा आणि १९४६ मध्ये ४८ तासांचा झाला. ज्याच्या घरी घड्याळ नव्हते त्याच्या आयुष्याचे तास कायदेमंडळात असे घासाघीस करून ठरत होते.

या शहरात याहूनही कठोर अशी एक कालगणना होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले, अशा कैकाडी, पारधी, टकारी आदी जमातींच्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात वसविण्यात आले होते. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. येथील माणसे गिरणीत कामाला जात आणि ठरल्या वेळी हजेरी देत. दफ्तरात नावापुढे खूण झाली नाही तर मनुष्य फरारी. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’तील कालसमुद्देशात काळाला लोकयंत्राचा सूत्रधार म्हटले आहे आणि त्याच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत: प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा, काही गोष्टींना तो अडवून धरतो, काहींना मोकळीक देतो, आणि त्यातूनच आधीनंतरचा क्रम निपजतो. भर्तृहरीच्या मनात विश्वाची घडामोड होती, हे खरे. परंतु ज्याची सकाळ भोंग्याने सुटत असे आणि संध्याकाळ हजेरीने बंद होत असे, त्याला हा सिद्धांत समजावून सांगावयास भाष्याची जरुरी पडली नसती. फक्त सूत्रधार कोण, याविषयी त्याचे मत निराळे पडले असते.

पंचांग काय किंवा भोंगा काय, दोघेही केव्हा हे सांगतात. किती, हे मात्र ज्याच्या त्याच्या मनालाच ठरवावे लागते. दिवसभराचा उपास करून संकष्टीच्या रात्री गच्चीवर चंद्राची वाट पाहणाऱ्या आजीबाई, ढगांनी आकाश व्यापलेले असेल तर, पंचांगातील वेळ होऊन गेल्यावरही ‘दिसला का रे?’ म्हणून नातवाला पुन्हा पुन्हा वर पाहावयास लावतात. त्या पंधरा मिनिटांचे माप कोणत्याही घड्याळात सापडणार नाही. बाहेरचे सर्व आधार काढून घेतले तर मनाचा हिशेब किती चुकतो, हे मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ साली स्वतःवरच पारखून पाहिले. आल्प्समधील एका गुहेत तो दोन महिने घड्याळावाचून राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या टाचणानुसार २० ऑगस्ट चालू होता. एकेक सेकंदाला एक याप्रमाणे १२० आकडे मोजावयास सांगितले असता त्याला पाच मिनिटे लागली. येथे चमत्कार असा की, ज्या अंधाऱ्या, थंड, एकसुरी दिवसांनी त्याचा जीव कंटाळला असेल, तेच दिवस मागे वळून पाहताना आक्रसून गेले होते, कारण त्यांत आठवणीत धरून ठेवण्याजोगे काही घडलेच नव्हते.

याच्या उलट प्रकार भयाचा. अपघाताच्या वेळी सारे सावकाश घडत होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतील डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा छडा लावण्यासाठी माणसांना उंच मनोऱ्यावरून खाली ताणलेल्या जाळ्यात सोडून पाहिले. आपले पडणे इतरांच्या पडण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक वेळ चालले, असे त्यांना सरासरीने वाटले. परंतु पडत असताना मनगटावरील यंत्रात अतिवेगाने लुकलुकणारे आकडे काही त्यांना नेहमीपेक्षा जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे काळ त्या वेळी सावकाश झाला नव्हता. भयाने स्मृती दाट विणली गेली आणि दाट स्मृती लांब भासली. चालू असतानाचा काळ अपेक्षेने ताणला जातो आणि सरलेला काळ स्मृतीने, हे दोन निरनिराळे व्यापार आहेत. आणि आपण मात्र दोहोंना ‘वेळ’ या एकाच खात्यावर जमा करीत असतो.

सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरास, आषाढीच्या दिवसांत हे दोन्ही व्यापार एकाच माणसाच्या ठिकाणी पाहावयास मिळतात. दर्शनबारीत वारकरी कित्येक तास उभा असतो; रांग हलते, थांबते, पुन्हा हलते; पायांना रग लागते, शेजाऱ्याशी गावाकडच्या पावसाच्या गोष्टी होतात, मध्येच अभंग सुरू होतो. आणि अखेर ज्याच्या उभे राहण्याचा हिशेब युगांनी करतात त्याच्या पायांवर डोके टेकवावे, तोच मागून रेटा येतो, पहाऱ्यावरचा सेवक खांद्याला धरून पुढे सरकवितो, आणि मनुष्य बाहेरच्या उजेडात येऊन उभा राहतो. घड्याळ लावून पाहणाऱ्याच्या लेखी दर्शन एका पळाचे आणि बाकी सारा खोळंबा. भात शिजत असल्याचे आधणापासून म्हणू देणाऱ्या वात्स्यायनाला मात्र हा हिशेब मान्य झाला नसता. त्याच्या न्यायाने वारकऱ्याचे दर्शन चालू होते ते दिंडी गावची वेस ओलांडून निघाली तेव्हापासून, आणि परतीच्या एसटीत तो डोळे मिटून बसलेला असतो तेव्हाही ते संपले असे खात्रीने म्हणता येत नाही.